मेले, पण गेले नाहीत

गणपतींचे विसर्जन झाले आणि चारच दिवसांनी आमच्या नातीने घरात भुते मागवली. पितृपक्ष चालू होता, तेव्हा मुहूर्त काही अगदीच वाईट नव्हता.

‘मागवली’ हा शब्द मी समजून-उमजून वापरतो आहे. वाण्याकडे महिन्याची यादी टाकावी तशी तिने माझ्या चहाच्या कपाशेजारी वही टाकली आणि म्हणाली, “आजोबा, मला सात हवेत.”

“काय सात?”

“अनडेड. म्हणजे मेलेले, पण न मेलेले. कादंबरीसाठी.”

कन्येची कन्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गेले वर्षभर ती एक अद्भुत कादंबरी लिहिते आहे, हे मला ठाऊक होते. कादंबरीत सात राज्ये आहेत, त्यांचा नकाशा तिने स्वतः रंगवला आहे, आणि त्यात नद्या खालून वर डोंगराकडे वाहतात. हे मी एकदा नजरेस आणून दिले होते, तेव्हा ती जादूची नदी असल्याचे मला कळले. असो. तर सात राज्ये म्हटल्यावर प्रत्येकाला आपापले मृतात्मे हवेत, हे ओघाने आलेच. वहीत तक्ताही तयार होता. राखेतून उठणारे, बर्फात गोठलेले, नुसत्या हाडांचे, दलदलीतले, आरशातले. प्रत्येकापुढे ‘शक्ती’, ‘वेग’, ‘बुद्धी’ असे रकाने आणि त्यांत दहापैकी गुण. थेट शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखे. बर्फातल्यांना वेगात तीन मिळाले होते, पण शक्तीत नऊ. अजून दोन प्रकार सुचत नव्हते, म्हणून आजोबांची आठवण झाली होती.

मी वही वाचली. कल्पना वाईट नव्हत्या. दलदलीतल्यांच्या अंगावर शेवाळ उगवते आणि ऋतूप्रमाणे त्याचा रंग पालटतो, हे तर मला फार आवडले. पण तक्त्यात एक रकाना नव्हता.

“हे सगळे ठीक आहे,” मी म्हटले, “पण हे उठले कशाला?”

“म्हणजे?”

“माणूस मेला, त्याला नेला, दहावे-बारावे झाले, कावळा शिवला. मग परत का आला?”

“जादूगारानं उठवलं.”

“सातही प्रकारच्यांना? सातही राज्यांत?”

ती गप्प बसली. आतून सौ. म्हणाली, “सकाळच्या पारी काय विषय काढलाय दोघांनी!”

नातीचा त्यात काही दोष नाही. हा गुणांचा तक्ता कुठून आला ते मला शोधावे लागले नाही, तिनेच सांगितले. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ काढला. चार मित्र टेबलाभोवती बसतात, एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात, आणि लढाई झाली की फासे टाकून निकाल लावतात. फासे आले की आकडे आले. सांगाडा किती घाव सोसेल, पिशाच कितीचा घाव घालील, हे ठरवल्यावाचून डाव पुढे सरकत नाही. म्हणून त्या खेळाच्या पुस्तकांत जगभरातले मृतात्मे गोळा केले गेले आणि पोलीस भरतीला उभे केल्यासारखे छाती-उंची मोजून रांगेत लावले गेले. खेळापुरते हे योग्यच. पण पुढे मुले त्याच पुस्तकांवरून कादंबऱ्या लिहू लागली, आणि मग मेलेल्या माणसाविषयी पहिला प्रश्न ‘याचे काय राहून गेले?’ असा न पडता ‘याचे बळ किती?’ असा पडू लागला.

आपल्याकडची जुनी यादी पाहा. ती कोणी कुठे लिहून ठेवली याचीही एक गंमत आहे. गंमत म्हणवत नाही खरे तर.

नाशिकचा कलेक्टर जॅक्सन आपल्याला माहीत आहे तो एकाच कारणासाठी. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘संगीत शारदा’चा खेळ होता आणि तिथे अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तो इतिहास शाळेत शिकवतात. शाळेत शिकवीत नाहीत ते हे, की या जॅक्सनला लोकांच्या समजुती गोळा करण्याचा नाद होता. त्याने प्रश्नावल्या तयार केल्या होत्या आणि त्यांची उत्तरे गावोगावच्या शाळामास्तरांकडून मागवली होती. तुमच्या गावात भुते किती प्रकारची, ती कुठे राहतात, कोणाला धरतात, कशाने जातात? कोकणातल्या एखाद्या प्राथमिक शाळेचे मास्तर कंदिलाच्या उजेडात बसून सरकारी कागदावर ‘हडळ’ आणि ‘गिऱ्हा’ यांची माहिती भरताहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणा! जॅक्सन गेला तेव्हा ते कागद तसेच पडून होते. आर. ई. एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने ते लावले आणि गुजरातचा भाग १९१४ साली, कोकणचा १९१५ साली छापून निघाला. म्हणजे आपल्या भुतांचे हे पुस्तकसुद्धा एका मेलेल्या माणसाचे राहून गेलेले काम आहे.

त्या टिपणांत काय आहे? मुंजा आहे. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आतच गेलेला मुलगा, तो पिंपळावर नाहीतर विहिरीवर राहतो. समंध आहे, तो आपल्या पुरलेल्या धनावर बसतो. ब्रह्मग्रह आहे, तो विद्येच्या गर्वाने फुगलेला विद्वान. (हा प्रकार जिवंतपणीही पाहायला मिळतो, विशेषतः परिसंवादांत.) पाण्यात बुडून मेलेला गिऱ्हा आहे, तो पाण्याच्या काठीच वावरतो. खलाशी नाहीतर कोळी मेला तर झोटिंग होतो. बायकांची खाती निराळी. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट, आणि बाळंतीण मेली तर हडळ, जिची पावले उलटी.

आता ही यादी नीट वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. यात नखे किती लांब, दात किती तीक्ष्ण याला फारसे महत्त्वच नाही. हा सरळ सरकारी अर्ज आहे. जात? लिंग? वय? लग्न झाले होते का? मूल होते का? मृत्यूचे कारण? अर्ज भरा, भुताचे नाव आपोआप निघते. ‘जात नाही ती जात’ असे म्हणतात, पण इथे तर माणूस जळून राख झाला तरी ती गेली नाही. ब्राह्मणाचे भूत निराळे, शूद्राचे निराळे, मुसलमानाचे निराळे. ज्यांनी जिवंतपणी माणसाला एका पंगतीला बसू दिले नाही, त्यांनी मेल्यावरही एका झाडावर बसू दिले नाही. त्या यादीचा मला अभिमान वाटतो असे म्हणवत नाही. पण लेखक म्हणून तिच्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, कारण प्रत्येक नावामागे एक राहून गेलेली गोष्ट आहे. मुंजाचे लग्न राहिले, समंधाचे धन भोगायचे राहिले. बाळंतिणीचे तर सगळेच राहिले.

हे एकदा कळले की परदेशातले मृतात्मेही ओळखीचे वाटू लागतात. आइसलंडच्या जुन्या कथांत ‘द्राउगर’ म्हणून एक प्रकार येतो. मातीच्या थडग्यात आपल्या सोन्यावर बसून राहिलेला मेलेला सरदार. हा आपला समंधच, फक्त थंडीचा. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टोल्किन यांना त्या कथा मुखोद्गत असल्यासारख्याच होत्या, आणि १९५४ साली आलेल्या त्यांच्या कादंबरीत टेकड्यांखालच्या थडग्यांतली जी पिशाचे आहेत, ती याच घराण्यातली. चीनमधल्या हूनान प्रांताच्या डोंगराळ भागात अशी समजूत होती की परमुलखात कामाला गेलेला गरीब माणूस तिकडेच मेला, आणि देह गावी आणायला पैसे नसले, तर मांत्रिक ते प्रेत चालवत चालवत रात्रीच्या वेळी घरी आणतो. ताठरलेले देह, म्हणून उड्या मारत येतात. हाँगकाँगच्या सिनेमावाल्यांनी पुढे त्यांच्यावर विनोदी चित्रपट काढले. पण मूळ कल्पनेत विनोद कुठे आहे? गिरणीत मेलेला चाकरमानी देवगडला पोचायला निघाला आहे, एवढीच ती गोष्ट आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत थरारक वाटतो तो मात्र झाँबी. नात हसली. म्हणाली, “आजोबा, झाँबी म्हणजे अगदीच कॉमन. त्यांना बुद्धीत शून्य.” आता झाँबी आपल्याकडेही येऊन गेला आहे. २०२२ साली ‘झोंबिवली’ नावाचा मराठी चित्रपट निघाला आणि ही साथ डोंबिवलीत पसरली. सकाळच्या लोकलला लोंबकळणाऱ्या डोंबिवलीकराला त्यासाठी रंगभूषेची गरज पडली असेल असे मला वाटत नाही. पण हा प्राणी आला कुठून, ते नातीला ठाऊक नव्हते.

कॅरिबियन समुद्रात हैती नावाचा देश आहे. अठराव्या शतकात ती फ्रेंचांची वसाहत होती. युरोपच्या चहा-कॉफीत पडणारी साखर मोठ्या प्रमाणावर तिथून जात असे. ऊस तोडायला आफ्रिकेतून माणसे धरून आणत. ती इतक्या लवकर मरत, की सतत नवी आणावी लागत. त्या माणसांना एकच सुटका ठाऊक होती, ती मरणाची. मेलो की आत्मा समुद्र ओलांडून आपल्या मुलखात जाईल. आणि त्यांना भीती वाटत होती ती याची, की मेल्यावरही सुटका झाली नाही तर? मांत्रिकाने थडग्यातून उठवले आणि पुन्हा उसाच्या फडात उभे केले तर? हा मूळचा झाँबी. तो कोणाला चावत नाही, कोणाच्या मागे लागत नाही, बिचारा मान खाली घालून काम करतो. हैतीच्या माणसाला झाँबीची भीती कमीच, आपला झाँबी होईल याची भीती जास्त. १७९१ साली त्या गुलामांनी उठाव केला आणि १८०४ साली स्वतंत्र देश उभा केला, पण ही भीती मागे राहिली.

पुढे अमेरिकेने तो देश १९१५ पासून १९३४ पर्यंत व्यापला. त्या काळात विल्यम सीब्रुक नावाचा एक भटक्या लेखक तिथे गेला आणि १९२९ साली त्याने एक पुस्तक लिहिले. त्यात त्याला तिथल्या माणसाने सांगितलेली एक हकिकत आहे. एका मुकादमाने मेलेल्या माणसांची टोळी साखर कंपनीच्या कामावर लावली. आठवड्याची मजुरी मुकादम घेई. त्याची बायको त्यांना शिजवून घाली, पण मीठ वर्ज्य. सणाचा दिवस आला. बाईला त्यांची दया आली. बिचारे कधी कुठे जात नाहीत, म्हणून ती त्यांना मिरवणूक दाखवायला गावात घेऊन गेली आणि प्रत्येकाच्या हातावर वडीसारखी काही मिठाई ठेवली. त्या मिठाईतले दाणे खारवलेले होते. जिभेला मीठ लागले आणि त्यांना आठवले, आपण मेलेलो आहोत. मग ती माणसे वळली आणि डोंगरातल्या आपल्या गावाकडे चालू लागली. गावकऱ्यांनी आपापला बाप, भाऊ, मुलगी ओळखली, हाका मारल्या, पण कोणी थांबले नाही. स्मशानात जाऊन आपापल्या जागेवरची माती हातांनी उकरू लागली आणि तिथेच पडली.

आपण ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ म्हणतो. आपल्याकडे मीठ खाल्ले की माणूस धन्यासाठी जागा होतो. तिकडे मीठ खाल्ले की धन्याच्या हातून सुटण्यासाठी. एवढेसे मीठ, पण कोणी कोणाला खाऊ घातले यावर सगळे आले.

मी ही गोष्ट सांगितली तेव्हा सौ. विळीवर नारळ खवत होती, ती थांबली. नातीने वहीत काहीतरी खोडले.

मग हा दमलेला मजूर माणसे खाणारा कसा झाला? तो दुसऱ्याच माणसाचा उद्योग. जॉर्ज रोमेरो नावाच्या तरुणाने १९६८ साली, पदरी फारसे पैसे नसताना, पिट्सबर्गच्या आसपास मित्रमंडळी जमवून ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा काळा-पांढरा चित्रपट केला. त्यात झाँबी हा शब्द एकदाही येत नाही. त्या प्रेतांना तिथे ‘घूल’ म्हणतात, आणि तो शब्द मूळचा अरबी. पण लोकांनी आपणहून त्यांना झाँबी म्हटले आणि तेव्हापासून जगभर तेच रूढ झाले. वितरकाने ऐन वेळी चित्रपटाचे नाव बदलले, तेव्हा नव्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहून गेली, आणि त्या वेळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे चित्रपट सगळ्यांच्या मालकीचा झाला. म्हणून त्याची नक्कल करायला कोणाला भीती उरली नाही. त्या चित्रपटाचा नायक कृष्णवर्णीय आहे. तो रात्रभर प्रेतांशी झुंजतो आणि वाचतो. सकाळ होते, बंदुका घेतलेली जिवंत माणसे येतात, आणि त्याला प्रेत समजून गोळी घालतात. रोमेरोने मीठ काढून टाकले, उसाचा फड काढून टाकला, पण हिशेब मात्र बरोबर त्याच जागी नेऊन ठेवला.

आता कोणी म्हणेल, आजोबा सगळे दुःखाचेच सांगतात, भयाचे काय? वाचकाला घाबरायचे असते, पैसे त्याचेच दिलेले असतात. कबूल. भय उभे राहते ते नियमांनी, आणि नियमांच्या बाबतीत ब्रॅम स्टोकर हा सगळ्यांचा बाप. हा गृहस्थ लंडनच्या लायसियम थिएटरचा व्यवस्थापक. तिकीटविक्री, नटांचे रुसवेफुगवे आणि दौरे सांभाळून त्याने काही वर्षे टिपणे काढली आणि १८९७ साली ‘ड्रॅक्युला’ प्रसिद्ध केली. ड्रॅक्युला आरशात दिसत नाही. घरातल्या माणसाने ये म्हटल्याशिवाय पहिल्यांदा उंबरा ओलांडू शकत नाही. झोपायला त्याला आपल्या मुलखाची माती लागते, म्हणून लंडनला जाताना पेट्यांतून माती घेऊन जातो. पाहा, परदेशी निघालेला माणूस बरोबर गोडा मसाला नेतो, तसेच ते! भरतीच्या वेळी किंवा भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्याच्या वेळीच वाहते पाणी ओलांडू शकतो. इतके निर्बंध घातलेला राक्षस खरे तर दुबळा वाटायला हवा. पण होते उलटे. नियम जितके बारीक, तितका वाचकाचा जीव खालीवर, कारण कुठला नियम मोडणार आणि कोण चुकून ‘या ना आत’ म्हणणार, याकडे त्याचे सारखे लक्ष.

आणि एक सांगतो, मला स्वतःला हे कळले तेव्हा नवल वाटले होते. उन्हाने ड्रॅक्युला मरतो, हे आपण सगळे धरून चालतो. स्टोकरच्या कादंबरीत तसे काही नाही. तिथे तो दिवसाढवळ्या लंडनच्या रस्त्यावर हिंडतो, फक्त त्याच्या शक्ती दिवसा चालत नाहीत. कोवळ्या उन्हात विरघळणारे पिशाच आले ते १९२२ च्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटात. त्या मंडळींनी नावे बदलून कादंबरीच उचलली होती. स्टोकरच्या विधवा पत्नीने दावा लावला, न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही प्रती तेवढ्या वाचल्या आणि आज तो चित्रपट जगभर दाखवला जातो. ज्याला जाळायची आज्ञा झाली होती, तोच परत आला, आणि येताना उन्हाचा नियम घेऊन आला. म्हणजे नियम काही पुराणकाळापासून असावा लागत नाही. नीट बसला की लोक शंभर वर्षांत तो पुराणातला समजू लागतात.

आपल्याकडे नियमांची उणीव कधीच नव्हती. आमच्या वेताळाचेच पाहा. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागर’ रचले, त्यात वेताळपंचविशी आहे. राजाने प्रेत खांद्यावर घेऊन चालायचे, बोलायचे नाही. बोललास की वेताळ झाडावर परत. आणि उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोके फुटेल. एवढ्या दोन ओळींवर पंचवीस गोष्टी हजार वर्षे चालल्या आहेत! एकही नख नाही, एकही दात नाही. मेलेला बोलतो, न्याय मागतो आणि जिवंत राजाला ओझे वाहायला लावतो. त्या वेताळाच्या नावाच्या टेकडीवर पुणेकर रोज सकाळी पांढरे बूट घालून वजन कमी करायला जातात, हा भाग निराळा.

बाळंतिणीचा नियम मला आजीकडून ठाऊक होता. बाळंतपणात गेलेल्या बाईला स्मशानात नेताना वाटेवर राळे नाहीतर मोहरी पेरत जायचे. रात्री ती घराकडे परत निघाली तर तिला तो दाणा न् दाणा वेचावा लागतो आणि वेचता वेचता उजाडते. युरोपात स्लाव लोक पिशाचाच्या थडग्यात खसखस टाकत, तीही मोजत बसण्यासाठीच. दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांना विचारले असेल असे नाही. दाण्यांची युक्ती सुचायला, जिला अडवायचे ती घरातली कामसू बाई आहे, सांडलेले धान्य तिला ओलांडवणार नाही, एवढे माहीत असले की पुरे.

हे मी सांगून गेलो आणि नातीने मान वर केली.

“आजोबा, पण ती घराकडे का येते?”

“मुलासाठी.”

“मग तिला अडवायचं कशाला?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हा मी तिला टाकाची गोष्ट सांगितली.

माझ्या लहानपणी आजीच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर चांदीचा एक छोटा टाक असे. त्यावर बाईची आकृती, झिजून झिजून जवळजवळ सपाट झालेली. आजी ही आजोबांची दुसरी बायको. पहिली बाळंतपणात गेली, मूलही गेले. दुसरेपणावर दिलेल्या मुलीने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे ती कोपत नाही, अशी चाल होती. नवे लुगडे आले की आजी आधी ते टाकाला लावी आणि मग नेसे. कपाळाला कुंकू लावले की बोटाचे उरलेले टाकाला. आम्ही मुले विचारायचो, ही कोण? आजी म्हणे, “पहिली.” तिला भीती वाटत असावी, पण पुष्कळ वर्षे एकत्र राहिल्यावर माणसाला सासूचीही सवय होते, तसे काहीसे झाले होते. परसातल्या विहिरीवर संध्याकाळी एकटे जायचे नाही, एवढे मात्र ती बजावीत असे. आजी गेल्यावर टाक देवघरात आला. अजून आमच्याकडे आहे.

नातीने टाक पाहायला मागितला. अंगठ्याएवढा तो पत्रा तळहातावर घेऊन ती बराच वेळ बसली.

नवरात्र संपता संपता ती पुन्हा आली. सातांचा तक्ता गेला होता. सात राज्ये होती, पण न मेलेल्यांचा प्रकार आता एकच उरला होता. डोंगरातल्या राज्यात दिवेलागणीला विहिरीवर बायका येतात. त्या कोणाला धरत नाहीत, मारत नाहीत. पाण्याला आलेल्या माणसाला फक्त विचारतात, “माझे नाव काय?” खरे नाव कोणी सांगितले की त्या जातात. पण त्यांना पाहताच गावकरी घागर टाकून पळतात आणि दारे लावून घेतात, त्यामुळे उत्तर कोणी देत नाही. पिढ्या जातात, ज्यांना नावे ठाऊक होती तीही माणसे मरतात, आणि विहिरीवरची गर्दी वाढत जाते. वहीत शक्तीपुढे शून्य होते, वेगापुढे शून्य. बुद्धीचा रकाना तिने काढूनच टाकला होता.

मी वाचले. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले, कारण त्याशिवाय मला काही सुचेना.

“आजोबा,” ती म्हणाली, “पहिलीचं नाव काय होतं?”

मला ठाऊक नव्हते. बाबांनी कधी सांगितले नाही, मी विचारले नाही. सौ.ला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. एकच माणूस उरले होते, माझी धाकटी आत्या. वय वर्षे त्र्याण्णव, मुलाकडे असते, कान अधू पण आठवण शाबूत. फोन लावला. दिवाळीला येणार का, फराळाला काय केले, इथून सुरुवात झाली, आणि मग मी मोठ्याने, शेजारच्या बिऱ्हाडात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारले, “आत्या, आजोबांच्या पहिल्या बायकोचं नाव काय गं?”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटले फोन बंद पडला.

“लक्ष्मी,” आत्या म्हणाली.

“अगं, लक्ष्मी तर आजीचं नाव!”

“हो, सासरचं. लग्नात नाव बदलायचं ना. पहिलीचं ठेवलं होतं तेच दुसरीला ठेवलं. तांदळात लिहायला नवं कशाला शोधायचं, म्हणाले असतील. आईला ते ठाऊक होतं. म्हणून तर घरात कोणी लक्ष्मी म्हणून हाक मारली की ती आधी टाकाला हात लावायची.”

नात माझ्या खांद्याला टेकून ऐकत होती. तिने फोन माझ्या हातातून घेतला. “पणजीआत्या, आणि पहिलीचं माहेरचं नाव?”

“ते कसं ठाऊक असणार बाळ? ती माझ्या जन्माआधीच गेलेली. माहेरची माणसं नंतर कधी आली नाहीत.”

आणखी थोडे बोलणे झाले, चकल्यांच्या भाजणीचे प्रमाण विचारून झाले, फोन ठेवला. नातीने वहीच्या शेवटच्या पानावर ‘लक्ष्मी’ असे लिहिले, त्याच्या पुढे एक बोटभर जागा मोकळी सोडली आणि वही मिटली.